जुन्या पिकअपमधला कधी येणारा, कधी जाणारा इलेक्ट्रिकल बिघाड कसा पकडायचा

चावी फिरवली की कधी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं, कधी नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. हेडलाइट चालता चालता मंद होतात, खड्डा गेला की पुन्हा उजळतात. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे उगाच लुकलुकतात. इंधनाचा काटा आपल्या मर्जीने पडतो, आपल्या मर्जीने उठतो. आणि गाडी मेकॅनिकसमोर उभी केली की पाहुण्यांसमोर शहाण्या होणाऱ्या पोरासारखी सगळं बिनचूक करून दाखवते.

यावर बहुतेक जण जे करतात ते म्हणजे पार्ट बदलत सुटणं. आधी बॅटरी, मग अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो), मग स्टार्टर. दर वेळी थोडे दिवस फरक पडल्यासारखा वाटतो आणि मग तक्रार परत येते. फरक का पडतो? नवा पार्ट बसवताना जुने कपलर, म्हणजे तारा जोडणारे प्लग, निघतात, परत बसतात, टर्मिनल हलतात, पिनांवरचा गंज थोडाफार घासला जातो. गुण येतो तो या हलवाहलवीचा, नव्या पार्टचा नाही. म्हणून 'अमुक बदललं आणि बरं झालं' या निदानावर मी तरी लगेच विश्वास ठेवत नाही. एक पावसाळा आणि एक कडक उन्हाळा निघाला, तर बरं झालं म्हणायचं.

पार्ट खरोखर मेला तर तो सहसा मेलेलाच राहतो. येतो-जातो तो दोष बहुधा जोडाचा असतो: सैल नट, गंजलेली पिन, आतून तुटलेली तार, धातूऐवजी रंगावर बसवलेला 'अर्थ', म्हणजे गाडीच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारा जोड. तो शोधायला दोन गोष्टी लागतात. बिघाड कोणत्या परिस्थितीत येतो हे माहीत हवं, आणि मोजमाप त्या जोडातून करंट वाहत असताना करायला हवं. बाकी सगळं या दोन्हींच्या भोवतीच फिरतं.

आधी वही, मग पाना

गाडीत एक छोटी वही ठेवा. बिघाड आला की तिथल्या तिथे लिहा: इंजिन थंड होतं की तापलेलं, पाऊस होता का, रस्ता खडबडीत होता का, गाडी वळत होती का, त्या क्षणी कोणकोणते दिवे-पंखे चालू होते, हौद्यात माल होता का. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच वेळी आणखी काय काय बंद पडलं. रेडिओही गेला का? हॉर्न वाजत होता का? ही शेवटची नोंद अर्धं काम करून टाकते. एकाच वेळी गेलेल्या सगळ्या वस्तू वायरिंगच्या नकाशावर कुठे एकत्र येतात ते पाहायचं. एकच फ्यूज, एकच रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), इग्निशन स्विचचा एकच संपर्क किंवा एकच अर्थ पॉइंट. संशयित तिथेच सापडतो.

नकाशा म्हणजे त्या मॉडेलचं, त्या वर्षाचं वायरिंग डायग्राम. ते मिळवाच. जुन्या गाड्यांत एकाच मॉडेलच्या लागोपाठच्या दोन वर्षांतही तारांचे रंग बदललेले असतात, त्यामुळे 'साधारण असंच असेल' हे चालत नाही.

परिस्थितीवरून अंदाज बांधता येतो. धक्क्याने येणारा बिघाड सैल जोडाकडे किंवा कुठेतरी बॉडीला घासून सोललेल्या तारेकडे बोट दाखवतो. इंजिन तापल्यावर येणारा आणि अर्धा तास उभं राहिल्यावर जाणारा बिघाड ठिणगी देणारं इग्निशन मॉड्यूल, कॉइल किंवा रिलेच्या आतल्या सोल्डरच्या तड्याकडे नेतो. पावसानंतरचा असेल तर मागच्या दिव्यांचे होल्डर, ट्रेलरचा सॉकेट आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायरिंग आत जाते तिथलं रबर बघायचं. दार उघड-बंद केल्याने फरक पडत असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत तार तुटली आहे असंच धरून चाला.

मल्टीमीटर खोटं बोलत नाही, पण फसवतो

इथे थोडं थांबतो, कारण निम्मं काम इथेच चुकतं.

समजा इंधन पंपाच्या तारेवर मीटर लावला आणि १२.४ व्होल्ट दिसले. म्हणजे सप्लाय ठीक, पंप खराब? तसं म्हणता येत नाही. चांगल्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणजे तो जवळपास करंटच ओढत नाही. वीस काड्यांच्या तारेतल्या एकोणीस तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंप जोडून चालू केला की मात्र त्या एका काडीतून लागणारा करंट जात नाही आणि व्होल्टेज कोसळतं.

म्हणून साधा टेस्ट लॅम्प, तोही बल्बवाला, या कामात मीटरइतकाच उपयोगाचा आहे. २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. त्या तारेवर तो पूर्ण उजळला तर तार धड आहे; मिणमिणला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. फक्त इंजिन कॉम्प्युटर, सेन्सर आणि एअरबॅगच्या तारांवर असा बल्ब लावू नका. तिथे एवढा करंट ओढणं महागात पडतं. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या आवरणाच्या तारा आणि कपलर दिसले तर हातच लावायचा नाही.

यापुढची पायरी म्हणजे व्होल्टेज ड्रॉप मोजणं. तारेचे किंवा जोडाचे दोन्ही टोक घ्यायचे, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि त्या सर्किटचा लोड, म्हणजे त्यावरचा दिवा, पंप असं जे काही आहे ते, चालू करायचा. जोड उत्तम असेल तर वाचन शून्याच्या जवळ येतं. साध्या सर्किटच्या अर्थ बाजूला ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. स्टार्टरच्या जाड केबलवर सेल्फ मारताना ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. त्यापेक्षा जास्त दिसलं तर दोष त्या दोन प्रोबांच्या मध्ये आहे. मग एक प्रोब एक-एक जोड पुढे सरकवत न्यायचा. जिथे आकडा एकदम पडतो तो जोड गुन्हेगार.

ओहमने तपासून हे का दिसत नाही, याचा हिशेब करून बघा. बॅटरीच्या टर्मिनलवर गंजामुळे फक्त ०.०१ ओहम रोध आला आहे. साधा मीटर एवढा रोध वाचूच शकत नाही, तो शून्य म्हणेल. रेडिओ आणि हॉर्न चार-पाच अँपिअरवर चालतात, तिथे या रोधामुळे फार तर ०.०५ व्होल्ट जातात. कुणाला पत्ता लागत नाही. स्टार्टर २०० अँपिअर मागतो आणि त्याच जोडावर २ व्होल्ट खर्ची पडतात. त्या क्षणी तो जोड ४०० वॉट उष्णता तयार करत असतो. सेल्फ मारल्यावर एखादा टर्मिनल हाताला कोमट लागला तर मीटर काढायचीही गरज उरत नाही. हात लावताना अंगठी, कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवा.

बॅटरी आणि जाड केबल

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास असायला हवेत. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि लोड टेस्ट करून घ्या. अर्धवट चार्ज बॅटरीवर केलेली बाकी सगळी मापं निरर्थक आहेत.

टर्मिनल क्लॅम्प वरून चकचकीत आणि आतून काळा, हे नेहमीचं. काढून आतला पृष्ठभाग आणि पोस्ट दोन्ही ब्रशने घासायचे. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पांढरा-हिरवा क्षार साठला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी सेलच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका.

टर्मिनलवर नट-बोल्टने केबल आवळायचा जो बदली क्लॅम्प बाजारात मिळतो, तो तात्पुरत्या कामापुरताच ठीक. त्यात केबलचं उघडं तांबं ॲसिडच्या वाफेत राहतं आणि गंज आवरणाच्या आतून वर सरकत जातो. केबलचं आवरण टर्मिनलपाशी फुगलेलं किंवा कडक झालेलं दिसलं तर कापून बघा. तांबं काळं पडलेलं असेल तर ती केबल गेली.

अर्थ, आणि पिकअपची खास अडचण

कारची बॉडी बहुधा एकसंध असते. जुन्या पिकअपमध्ये खाली चासी, तिच्यावर रबरी माउंटवर बसवलेली केबिन, आणि मागे बोल्टने आवळलेला वेगळा हौदा. इंजिनही रबरावरच बसतं. म्हणजे लोखंडाचे चार मोठे तुकडे, आणि त्यांच्यात वीज जायला वाट फक्त अर्थच्या पट्ट्यांची. बॅटरी निगेटिव्हवरून इंजिनला, इंजिनवरून चासीला, इंजिनवरून किंवा चासीवरून केबिनला, आणि चासीवरून हौद्याला किंवा मागच्या दिव्यांच्या वायरिंगला. कधीतरी क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झालं असेल तर इंजिनमागची विणीची पट्टी परत लावायची राहिलेली असण्याची शक्यता दाट असते. मी तर जुनी पिकअप पाहताना आधी तीच शोधतो.

ती पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, गिअरचे दांडे, काहीही चालतं त्याला. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली किंवा तिचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

मागच्या दिव्यांचे विचित्र खेळ बहुतेक अर्थचेच असतात. एका दिव्यातल्या सगळ्या बल्बांना अर्थ एकच. तो तुटला की मधला बिंदू लटकता राहतो आणि करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरून बाहेर पडायची वाट शोधतो. म्हणून ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे आणि डॅशबोर्डची रोषणाई मंद उजळते. दिवसा ब्रेकलाइट लागल्यासारखा वाटतो; रात्री पार्किंगचे दिवे लावले की तोच कोपरा अंधारात. असं काही दिसलं की स्विच, फ्लॅशर, बल्ब यांच्या मागे लागू नका. एक लांब तार घ्या, एक टोक बॅटरी निगेटिव्हला, दुसरं त्या दिव्याच्या अर्थ तारेला लावा. खेळ थांबला तर निदान संपलं.

अर्थ पॉइंट दुरुस्त करणं म्हणजे बोल्ट आणखी आवळणं नव्हे. बोल्ट काढायचा, खालचा रंग आणि गंज धातू चमकेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालायचा, आवळायचा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावायचा. हौद्याला माल चढवता-उतरवताना धक्के बसतात, आणि हौद्याचे बोल्ट गंजलेले असतात. त्यामुळे मागच्या दिव्यांचा अर्थ हौद्याच्या पत्र्यावर न ठेवता स्वतंत्र तारेने चासीवर नेणं मला जास्त पटतं.

गेलेले हेडलाइट आपोआप परत येतात तेव्हा

फ्यूज एकदा उडाला की उडाला, तो स्वतःहून जुळत नाही. म्हणून दिवे काही सेकंद जाऊन आपोआप परत येत असतील तर फ्यूज आधी यादीतून काढा. उरतात दोन शक्यता: सैल जोड, किंवा उष्णतेने उघडणारा सर्किट ब्रेकर. अनेक जुन्या पिकअपमध्ये हेडलाइट स्विचमध्येच असा ब्रेकर असतो. करंट जास्त झाला किंवा स्विचचेच संपर्क झिजून तापू लागले की तो उघडतो, थंड झाला की मिटतो. ठराविक वेळाने, तालात जाणारे-येणारे दिवे म्हणजे ब्रेकर. खड्ड्यांबरोबर जाणारे-येणारे म्हणजे जोड.

५५ वॉटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअरच्या आसपास घेतात. मूळ बल्ब काढून जास्त वॉटचे टाकले असतील तर जुना स्विच ते सोसत नाही. इलाज म्हणजे रिले. बॅटरीपासून फ्यूजमधून जाड तार रिलेच्या ३० नंबरला, तिथून ८७ नंबरवरून दिव्यांना. स्विच फक्त ८५-८६ मधली कॉइल चालवतो. याने प्रकाशही वाढतो, कारण बल्बवर व्होल्टेज दहा टक्के कमी पडलं तर प्रकाश जवळपास तीस टक्के कमी होतो. ड्रॉप काढून टाकला की तेच बल्ब नव्यासारखे दिसतात.

इग्निशन स्विच आणि फ्यूजिबल लिंक

चावीच्या जुडग्यात दहा किल्ल्या आणि एक जडशीळ कीचेन लोंबकळत असेल तर ते आधी सुटं करा. इग्निशन स्विचचे आतले संपर्क वर्षानुवर्षं झिजतात आणि त्या वजनाने हलतात. इंजिन चालू असताना, गाडी उभी असताना, चावी न फिरवता हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. इंजिन अडखळलं, डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले, तर उत्तर मिळालं. स्टिअरिंग वर-खाली करता येणाऱ्या गाडीत स्टिअरिंगही हलवून बघायचं, खालची वायरिंग तिथे वाकून तुटते.

स्टार्टर किंवा बॅटरीजवळ काही तारांच्या सुरुवातीला थोडी वेगळी, बारीक तार जोडलेली असते. ती फ्यूजिबल लिंक. जास्त करंट आला की ती आतल्या आत वितळते, पण तिचं आवरण जळत नाही, त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसते. दोन्ही बाजूंनी हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं उरलेलं नाही. अर्धवट वितळलेली लिंक हा येऊन-जाऊन बिघाडाचा पक्का स्रोत आहे. तिच्या जागी साधी तार कधीही जोडू नका; तिचं कामच बाकीच्या वायरिंगआधी जळायचं आहे.

चालता चालता बंद पडते, थंड झाली की सुरू होते

इंजिन कसं बंद पडलं ते आठवा. धक्के देत, दम लागल्यासारखं पडलं तर आधी इंधन. चावी बंद केल्यासारखं क्षणात पडलं तर वीज. गाडी गिअरमध्ये असल्यामुळे इंजिन अजून फिरत असताना आरपीएमचा काटा मात्र एकदम शून्यावर पडला, तर इग्निशनच्या प्राथमिक सर्किटवर संशय घ्या.

पेट्रोल गाडीत डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातली) पिकअप कॉइल, म्हणजे ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी छोटी कॉइल, आणि तिच्या दोन बारीक तारा हे आवडतं ठिकाण. ठिणगीची वेळ बदलणारी व्हॅक्यूम ॲडव्हान्सची प्लेट पुढे-मागे फिरते, तारा वर्षानुवर्षं वाकतात, आणि आवरणाच्या आत तांबं तुटतं. प्लेट एका बाजूला असताना टोकं जुळतात, दुसऱ्या बाजूला सुटतात. म्हणून उभ्या गाडीत ठीक, वेग घेताना गचके. मीटर ओहमवर ठेवून प्लेट हाताने फिरवा. आकडा उड्या मारत असेल तर सापडलं. मॉड्यूलवर संशय असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने तापवून बघता येतं, पण पेट्रोलची गळती किंवा वास असेल तिथे ड्रायर नको.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाडीत तपासायला एकच मुख्य जागा: पंपावरचा इंधन बंद करणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप. त्याची तार सुटली की इंजिन जागच्या जागी थांबतं. चावी ऑन-ऑफ करा आणि पंपापाशी कान द्या, स्पष्ट 'टिक' यायला हवी.

बिघाड फक्त रस्त्यावरच येत असेल तर केबिनमध्ये पहारेकरी बल्ब बसवा. दोन-तीन वॉटचा छोटा बल्ब, मध्ये एक अँपिअरचा फ्यूज, एक तार संशयित सर्किटवर, दुसरी चांगल्या अर्थवर. डोळ्यांत येणार नाही पण कडेने दिसेल अशा जागी ठेवा. इंधन पंपासाठी दोन बल्ब उत्तम: एक रिलेच्या ३० नंबरवर, एक ८७ वर. इंजिन पडताना दोन्ही विझले तर सप्लाय मागेच तुटतोय. पहिला चालू, दुसरा विझला तर रिले किंवा त्याला हुकूम देणारी तार. दोन्ही चालूच राहिले तर पंप, त्याचा अर्थ किंवा पंपापर्यंतची तार. महागड्या स्कॅनरने न सुटलेली कोडी या दोन बल्बांनी सुटतात, कारण बिघाडाच्या क्षणी ते हजर असतात.

रिलेवर संशय असेल तर त्याच नंबरचा, त्याच पिनांचा हॉर्नचा रिले अदलाबदल करून बघा. आता हॉर्न दगा देऊ लागला तर रिले दोषी. पण वर म्हटलं तेच इथेही लागू: अदलाबदलीत सॉकेटच्या पिना घासल्या गेल्या. सॉकेटमधली पकड सैल आहे का ते वेगळं तपासा. तेवढ्याच जाडीची सुटी पिन घालून ओढून बघायची. घसरत निघाली तर पकड गेली.

मधूनच उडणारा फ्यूज

मोठा फ्यूज घालणं हा उपाय नाही, ती आगीची तयारी आहे. फ्यूज तारेला वाचवायला असतो.

त्या सर्किटवरची सगळी उपकरणं बंद करा आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी हेडलाइटचा एक बल्ब जोडा. शॉर्ट असेल तेव्हा बल्ब पूर्ण पेटतो. करंट त्याच्या क्षमतेइतकाच जातो, म्हणून तार जळत नाही. नसेल तेव्हा विझलेला. आता वायरिंगचा गुच्छ जागोजागी हलवत, वाकवत जा आणि बल्बवर नजर ठेवा. जुन्या पिकअपमध्ये ठरलेल्या जागा: चासीच्या आतल्या कडेने मागे जाणारा गुच्छ जिथे क्लिपा तुटून लोंबतोय, सायलेन्सरजवळचा भाग, हौद्याखालचं कोपर, टाकीच्या वरची बाजू, आणि ट्रेलरसाठी नंतर जोडलेली वायरिंग.

त्या शेवटच्या जागेबद्दल दोन शब्द जास्त. ट्रेलरच्या तारा जोडायला बरेच जण तार न सोलता दाबून बसवायचा चिमट्यासारखा प्लास्टिकचा कनेक्टर वापरतात. तो मूळ तारेत पातं खुपसतो, काही काड्या तोडतो आणि पाण्याला दार उघडून देतो. काही वर्षांनी तिथे हिरवी भुकटी उरते. असे कनेक्टर गाडीखाली दिसले की दोष तिथे असो वा नसो, काढून टाका.

चार्जिंग

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास हवेत. दिवे, पंखा सगळं लावल्यावर १३ च्या खाली जाऊ नये. कधी चार्ज करतं, कधी नाही, असं असेल तर अल्टरनेटर उतरवण्याआधी तो फिरवणारा पट्टा, मागच्या जाड तारेचा नट आणि छोटा कपलर बघा. त्यानंतर अल्टरनेटरच्या आतले झिजलेले ब्रश.

एक सहसा सुटणारी गोष्ट म्हणजे डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा. अनेक जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीची चेतना देणारा करंट त्या बल्बमधूनच जातो. बल्ब उडाला की सुरू केल्या केल्या चार्जिंग होत नाही, जोरात रेस दिल्यावर मात्र होऊ लागतं. चावी ऑन केल्यावर तो दिवा लागतो की नाही, एवढंच पाहायचं.

अल्टरनेटरमधल्या डायोडचा (एसी करंटचा डीसी करणाऱ्या भागाचा) संशय असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन आणि दिवे चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून 'अल्टरनेटर चालतोय का' बघायची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. त्या क्षणी व्होल्टेज इतकं उसळतं की रेग्युलेटर, डायोड आणि गाडीतलं उरलंसुरलं इलेक्ट्रॉनिक्स एकदम जाऊ शकतं.

काटे आणि रात्रीची गळती

इंधन आणि तापमान दोन्ही काटे एकाच वेळी भरकटत असतील तर दोष दोघांच्या सामायिक सप्लायचा: मीटर पॅनलमागचा छोटा व्होल्टेज रेग्युलेटर किंवा पॅनलचा अर्थ. एकच काटा असेल तर त्याचा सेंडर (काट्याला माप कळवणारा सेन्सर) किंवा तार. इंधनाच्या सेंडरचा अर्थ टाकीजवळ असतो आणि चिखल तिथेच उडतो.

सकाळी बॅटरी बसलेली मिळते, पण रोज नाही, म्हणजे उभ्या गाडीत कुठेतरी करंट गळतोय. अशा वेळी निगेटिव्ह केबल काढून मीटर अँपिअरवर मध्ये जोडा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एक-एक फ्यूज काढत जा, जो काढल्यावर आकडा पडेल ते सर्किट. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. अधूनमधूनच होणाऱ्या गळतीत माझा पहिला संशय डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या किंवा बोनेटखालच्या दिव्यावर आणि चिकटून राहणाऱ्या रिलेवर. रात्री दिवा दिसतो का बघण्यासाठी कप्प्यात फोनचा कॅमेरा व्हिडिओ चालू करून ठेवा आणि कप्पा बंद करा.

दुरुस्ती करताना

तार पिळून वर टेप, हा पुढच्या बिघाडाचा पाया. तांबं चमकदार दिसेपर्यंत तार मागे कापा, हिरवं-काळं तांबं कितीही लांब गेलं असलं तरी. त्याच किंवा थोड्या जास्त जाडीची नवी तार घ्या, योग्य मापाचा जोड क्रिम्पिंग पक्कडीने दाबा आणि आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पिनांची पकड तपासा, मगच पाणी रोखणारं ग्रीस थोडंसं लावा. मोजताना तारेच्या आवरणात सुई खुपसली असेल तर ते भोक लगेच बंद करा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी तिथेच नवा बिघाड शोधत बसाल. शक्यतो कपलरच्या मागच्या बाजूने प्रोब सरकवून मोजावं.

आधीच्या मालकांनी जोडलेल्या तारांचं काय करायचं? फॉग लाइट, जुना अलार्म, कधीकाळी काढलेल्या ॲम्प्लिफायरचा सप्लाय. दुसऱ्या टोकाला काहीच नसलेली तार बॅटरीला जोडलेली असेल तर आजच सोडवा. चालू असलेल्या तारेला फ्यूज आहे का आणि तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत आहे का ते पाहा. अलार्मने इग्निशनची मूळ तार कापून मध्ये स्वतःचा रिले घातलेला असतो. अलार्म मेला तरी तो जोड तसाच राहतो, आणि इंजिन क्षणात बंद पडण्याच्या तक्रारीत डॅशबोर्डखाली मी आधी तोच जोड बघतो. रिले काढून मूळ तार सरळ, नीट जोडून घ्यायची, आणि पहारेकरी बल्ब आणखी काही आठवडे तसाच राहू द्यायचा.